परवाना खिशात, तरी बंदर बंद : ‘सेंट लुईस’ आणि परत पाठवलेली जहाजं

‘सेंट लुईस’ जहाजाची गोष्ट बहुतेक वेळा चार वाक्यांत उरकली जाते. १९३९ साली नऊशेहून जास्त ज्यू जर्मनीतून बोटीने निघाले. क्यूबाने त्यांना उतरू दिलं नाही. अमेरिकेने बंदुका दाखवून हाकललं. मग बोट हिटलरच्या जर्मनीत परतली आणि सगळेच्या सगळे छळछावण्यांत मारले गेले.

यातली पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. अमेरिकी तटरक्षक दलाची जहाजावर नजर होती, पण गोळी झाडायची वेळच आली नाही. एका तारेत काम भागलं. बोट जर्मनीत न जाता बेल्जियमला गेली. आणि मारले गेले ते २५४ जण. आकडा लहान नाही, पण तो ‘सगळे’ नाही. चुका काढायची हौस म्हणून हे सांगत नाही. बंदूक आणि खलनायक आला की वाचणाऱ्याला राग येतो, आणि राग आला की विषय समजल्यासारखा वाटतो. इथे या लोकांना अडवलं ते कारकुनांनी, शिक्क्यांनी आणि कोट्याच्या तक्त्यांनी. तेही जवळपास प्रत्येकाने आपापल्या देशाचा कायदा पाळून. ते नेमकं कसं जमलं, हे बघण्यासारखं आहे.

आधीच का नाही गेले?

हा प्रश्न हमखास येतो. हिटलर १९३३ साली सत्तेवर आला तेव्हा जर्मनीत पाच लाखांच्या थोडे वर ज्यू होते. त्यांनी देश सोडावा अशीच तेव्हा नाझी सरकारची इच्छा होती. देश सोडायला बंदी आली ती पार १९४१च्या ऑक्टोबरात. म्हणजे आठ वर्षं दार कागदोपत्री उघडं होतं.

पण जाताना खिसे रिकामे करून जायचं, ही अट होती. ‘देशत्याग कर’ नावाचा कर हिटलरच्याही आधी, १९३१ साली आला होता. पैसा देशाबाहेर जाऊ नये एवढाच त्याचा मूळ हेतू. नाझींनी त्याचं हत्यार केलं. मालमत्तेचा चौथा हिस्सा त्यात जायचा. उरलेले पैसे गोठवलेल्या खात्यात पडायचे आणि ते परकीय चलनात बदलायचे तर मातीमोल भावाने. शेवटी माणसाच्या हातात राहायचे दहा मार्क.

आणि दहा मार्क घेऊन आलेल्या कुटुंबाला घेणार कोण? प्रत्येक देशाचा पहिला प्रश्न हाच, की हे लोक इथे येऊन सरकारवर बोजा तर होणार नाहीत ना. जर्मनी आधी माणसाला कफल्लक करणार, आणि बाकीचे देश कफल्लक म्हणून त्याला नाकारणार. पुढचं सगळं या एका पेचातून निघतं.

९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना धरून डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेन इथल्या छावण्यांत टाकलं. त्यातल्या अनेकांना सोडलं ते एकाच अटीवर, की ताबडतोब देश सोडा. वर दंगलीचा दंड म्हणून एक अब्ज मार्क ज्यूंकडूनच वसूल केले. त्या रात्रीनंतर ‘बघू, निवळेल’ असं म्हणणाऱ्यांनीही वकिलातींच्या दारात रांगा लावल्या.

त्यांच्या पासपोर्टवर तोवर लाल रंगात ‘जे’ अक्षराचा शिक्का बसलेला होता. हा शिक्का एकट्या बर्लिनच्या डोक्यातून आलेला नव्हता. स्वित्झर्लंडला सीमेवरच ज्यू प्रवासी वेगळे ओळखता यायला हवे होते आणि त्या दोन देशांमधल्या वाटाघाटींतून १९३८च्या शरद ऋतूत तो आला. तटस्थ, शांत, घड्याळासारख्या चालणाऱ्या देशाची ही मागणी होती.

अमेरिकेची रांग

अमेरिकेचा १९२४चा कायदा जन्माच्या देशाप्रमाणे कोटा ठरवायचा. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७० जागा. त्याखेरीज अमेरिकेत राहणाऱ्या कुणीतरी शपथपत्र द्यायचं, की हा माणूस सरकारी मदतीवर जगणार नाही, त्याची जबाबदारी माझी.

१९३९च्या जून अखेरीस या सत्तावीस हजारांसाठी सुमारे ३,०९,००० अर्ज आलेले होते. गणपतीत कोकणच्या गाडीची वेटिंग लिस्ट डोळ्यांसमोर आणा; फरक एवढाच, की ही गाडी वर्षातून एकदा सुटायची. आज नंबर लावला तर साधारण अकरा वर्षांनी चढायला मिळणार.

आता कळीचा मुद्दा. जीव वाचवायला पळणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी खिडकीच नव्हती. डाखाऊमधून सुटून आलेला माणूस आणि शिकागोतल्या काकाच्या दुकानात कामाला निघालेला तरुण, दोघे एकाच रांगेत, एकाच फॉर्मवर. अधिकारी कितीही कनवाळू असला तरी ‘याला आधी घ्या’ म्हणायला त्याच्याकडे कलम नव्हतं. इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच होतं.

ते बदलावं म्हणून प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९३८च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियां गावात ३२ देशांची परिषद भरली. नऊ दिवस भाषणं झाली. ‘आमच्याकडे वांशिक प्रश्न नाही आणि तो आयात करायची आमची इच्छा नाही’, या अर्थाचं ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने सरळ सांगितलं. बाकीच्यांनी तेच जरा गोड शब्दांत. ठोस तयारी दाखवली ती डॉमिनिकन रिपब्लिकने. पुढच्या वर्षी अमेरिकेत २०,००० निर्वासित मुलांना कोट्याबाहेर घ्यावं असं विधेयक मांडलं गेलं, तेही समितीतच विझलं. ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या त्या काळातल्या एका पाहणीत ८३ टक्के लोक निर्बंध शिथिल करण्याच्या विरोधात होते. मंदी नुकती सरत होती, बेकारी होती. अध्यक्ष रूझवेल्ट वाऱ्याची दिशा ओळखणारे राजकारणी होते. मला त्यांचं मौन पटत नाही, पण ते कुठून आलं हे दिसतं.

हवानाचं बंदर

अमेरिकेचा नंबर लागेपर्यंत थांबायला जागा हवी. क्यूबा सोयीचं होतं. फ्लोरिडाच्या समोर, आणि तिथल्या इमिग्रेशन खात्याचा प्रमुख मान्वेल बेनितेस गोन्सालेस उतरण्याचे परवाने विकत होता. विकत होता, याचा अर्थ शब्दशः घ्या. एकेक परवाना दीडशे डॉलर आणि कधी त्याहून जास्त. लष्करप्रमुख बातिस्ताच्या मर्जीतला हा माणूस यात लाखो डॉलर कमावून बसला. सरकारातल्या इतरांना त्यातला वाटा मिळत नव्हता, ही खरी ठिणगी.

क्यूबाचे अध्यक्ष फेदेरिको लारेदो ब्रू यांनी ५ मे १९३९ रोजी हुकूम काढला. जुने परवाने रद्द. यापुढे परराष्ट्र आणि कामगार या दोन खात्यांची लेखी मंजुरी आणि माणशी ५०० डॉलर अनामत. अमेरिकी पर्यटकांना सूट. या हुकुमाचा क्रमांक ९३७ आणि ‘सेंट लुईस’वर चढलेले प्रवासीही ९३७. निव्वळ योगायोग.

हुकूम निघाल्यावर आठ दिवसांनी, १३ मे रोजी, हांबुर्गहून जहाज सुटलं. उतरताना अडचण येऊ शकते याची जहाज कंपनीला कुणकुण होती. प्रवाशांना नव्हती. त्यांच्या खिशात बेनितेसच्या सहीचे परवाने होते, आणि बहुतेकांकडून कंपनीने परतीच्या प्रवासाचे पैसेही आगाऊ घेतले होते, ‘अनपेक्षित कारणांसाठी’. सातशेहून अधिक जणांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी आधीच नंबर लावला होता.

प्रवास तसा सुखाचा झाला. कप्तान गुस्टाव श्रोडर याने खलाशांना बजावून ठेवलं होतं, की हे लोक पैसे भरून आलेले प्रवासी आहेत, तसंच वागायचं. नाच, सिनेमा, पोहण्याचा तलाव, सगळं चालू. शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी सभागृह दिलं जाई आणि तेवढ्यापुरती तिथली हिटलरची तसबीर उतरवली जाई. जर्मन झेंड्याखालच्या जहाजावर, १९३९ साली, ही छोटी गोष्ट नव्हती.

२७ मेच्या पहाटे जहाज हवानाला पोचलं. धक्क्याला न लावता बंदराच्या मध्यात नांगर टाकायला सांगितलं. सामान बांधून लोक कठड्याशी उभे. २८ जणांना उतरू दिलं: २२ ज्यू प्रवासी, ज्यांच्याकडे अमेरिकेचे पक्के व्हिसा होते, चार स्पॅनिश आणि दोन क्यूबन. बाकीच्यांना रोज एकच उत्तर, ‘मान्याना’. उद्या.

आधीच क्यूबात येऊन राहिलेले नातेवाईक भाड्याच्या होड्या करून जहाजाभोवती घिरट्या घालू लागले. वरून हाक मारायची, खालून ओरडून उत्तर. कुणाचा नवरा होडीत, तर बायकापोरं वर. हात लागेल एवढं अंतर नव्हतं आणि चेहरा दिसणार नाही एवढंही नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका प्रवाशाने मनगटाच्या शिरा कापून समुद्रात उडी मारली. त्याला वाचवून हवानाच्या इस्पितळात नेलं. त्याची बायको आणि मुलं मात्र जहाजावरच राहिली. त्यांना उतरायला परवाना नव्हता. यानंतर प्रवाशांनीच रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या, आणखी कुणी जीव देऊ नये म्हणून.

शहरात हवा तापलेली होतीच. ८ मे रोजी, जहाज सुटायच्याही आधी, हवानात ज्यूविरोधी मोठी सभा झाली होती. चाळीस हजार लोक जमले होते. आधी आलेल्या सुमारे २,५०० ज्यूंमुळे आपल्या नोकऱ्या जातात, हा तिथला सूर. ब्रू यांना बेनितेसला धडा शिकवायचा होता, लोकांना खूश ठेवायचं होतं, आणि दोन्ही कामं एकाच जहाजावर होत होती.

आता हिशोब बघा. न्यूयॉर्कहून ‘जॉइंट’ या ज्यू मदतसंस्थेतर्फे लॉरेन्स बेरेन्सन हा वकील वाटाघाटींना आला. ब्रू यांचं म्हणणं: ९०७ माणसं गुणिले ५०० डॉलर, म्हणजे ४,५३,५०० डॉलर ठेवा. बेरेन्सनला क्यूबातल्या कारभाराचा अनुभव होता. हा पहिला आकडा आहे, खाली येईल, असा त्याचा अंदाज. शिवाय एका जहाजाचे पूर्ण पैसे मोजले की पुढच्या प्रत्येक जहाजाचा तोच भाव ठरणार. ‘ऑर्डुन्या’ आणि ‘फ्लांद्र’ ही दोन जहाजं त्याच आठवड्यात हवानात आलेलीच होती. त्याने कमी रकमेचा प्रस्ताव दिला. ब्रू यांनी बोलणं तोडलं आणि २ जूनला जहाजाला क्यूबाच्या हद्दीबाहेर काढलं.

बेरेन्सनने घासाघीस केली नसती तर? त्याला दोष देणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो दोष अर्धाच वाटतो. दर माणसामागे ५०० डॉलरचा भाव ज्याने लावला, त्याला सोडून, भाव कमी करा म्हणणाऱ्याला धरणं हे उलटं झालं.

मियामीचे दिवे

पुढचे चार दिवस श्रोडरने जहाज मुद्दाम रेंगाळत ठेवलं. ते फ्लोरिडाच्या इतकं जवळ होतं की रात्री मियामीचे दिवे दिसत. प्रवाशांनी रूझवेल्ट यांना तार केली. उत्तर आलं नाही. परराष्ट्र खात्याच्या तारेतलं उत्तर असं, की प्रवाशांनी प्रतीक्षायादीत आपला क्रम येईपर्यंत थांबावं आणि पात्र ठरून रीतसर व्हिसा मिळवावा. कायद्याने त्यात एक शब्द चूक नाही. या ९०७ जणांना पुढे घेतलं असतं तर रांगेतल्या दुसऱ्या ९०७ जर्मन ज्यूंना मागे ढकलावं लागलं असतं, असा बचाव नंतर केला गेला, आणि कोट्याच्या चौकटीत तो खराही आहे. चौकटीबाहेर जायचा अधिकार रूझवेल्ट यांच्याकडे होता. खास आदेश काढता आला असता. तो त्यांनी काढला नाही.

कॅनडात काही प्राध्यापक आणि धर्मगुरूंनी पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना विनंती केली. इमिग्रेशन खात्याचा प्रमुख फ्रेडरिक ब्लेअर ज्यूंना घेण्याच्या कट्टर विरोधात होता. प्रश्न तिथेच मिटला. या सगळ्या वर्षांत कॅनडाने घेतलेले ज्यू निर्वासित भरतात सुमारे पाच हजार.

६ जूनला जहाजाने युरोपची वाट धरली. कप्तानाच्या मनात एक वेडा बेत होता: कुठेच सोय झाली नाही तर इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जहाज मुद्दाम रुतवायचं, म्हणजे प्रवाशांना वाचवून किनाऱ्यावर घेणं भाग पडेल. ती वेळ आली नाही. ‘जॉइंट’चा युरोपातला प्रतिनिधी मॉरिस ट्रोपर याने चार देशांना तयार केलं. ब्रिटनने २८८, फ्रान्सने २२४, बेल्जियमने २१४ आणि नेदरलँड्सने १८१ जण घेतले. १७ जूनला जहाज अँटवर्पला लागलं. या चार देशांना संस्थेने हमी दिली ती पाच लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे ब्रू यांनी मागितलेल्या रकमेच्या थोडी वरच. पैसे होते. वेळेला, योग्य टेबलावर नव्हते.

जहाजावर आनंदीआनंद झाला. वर्तमानपत्रांनी गोष्ट गोड झाली असं छापलं. ११ महिन्यांनी, मे १९४०मध्ये, जर्मन फौजा बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये घुसल्या. ब्रिटनमध्ये उतरलेले जवळजवळ सगळे वाचले. बाकीच्या तीन देशांत उतरलेले सहाशेहून थोडे जास्त. त्यातले ८७ आधीच दुसरीकडे निसटले होते. ५३२ अडकले. निम्म्याहून किंचित जास्त, २७८, कसेबसे जगले. २५४ मारले गेले.

यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. नेदरलँड्स सरकारने ज्यू निर्वासितांसाठी वेस्टरबोर्क इथे छावणी बांधली. ऑक्टोबर १९३९मध्ये तिथे राहायला आलेले पहिले लोक ‘सेंट लुईस’चेच प्रवासी होते. आसऱ्यासाठी बांधलेली जागा, खर्चही ज्यू संघटनेवर टाकलेला. जर्मनांनी ती आयती ताब्यात घेतली आणि १९४२च्या जुलैपासून तिथून ऑश्विट्झकडे आगगाड्या सुटू लागल्या.

पॅलेस्टाइनची वाट

‘सेंट लुईस’ हांबुर्गहून सुटल्यावर चारच दिवसांनी, १७ मे १९३९ रोजी, ब्रिटिश सरकारने पॅलेस्टाइनबाबतची श्वेतपत्रिका काढली. पाच वर्षांत ७५,००० ज्यू, पुढे अरबांची संमती असेल तरच. पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होतं, तिथल्या अरबांनी तीन वर्षं उठाव केला होता, आणि युद्ध तोंडावर असताना ब्रिटनला अरब जगाशी वैर परवडणारं नव्हतं. अरबांचा प्रश्नही खराच होता: युरोपच्या पापाची किंमत आम्ही आमच्या जमिनीने का द्यायची? पण समुद्रात असलेल्या माणसाला या राजकारणाचं काय? पूर्व युरोपातून मोडक्या बोटी निघतच राहिल्या.

‘स्त्रुमा’ त्यातली सर्वांत वाईट. १८६७ साली बांधलेली, गुरं वाहायला वापरलेली बोट. डिसेंबर १९४१मध्ये रुमानियातल्या कॉन्स्टान्ट्सा बंदरातून साडेसातशेहून जास्त माणसं कोंबून निघाली आणि इंजिन बंद पडल्याने इस्तंबूलला ओढून आणावी लागली. तिथे ती साधारण दहा आठवडे पडून राहिली. तुर्कस्तान म्हणे, ब्रिटनने पॅलेस्टाइनचे परवाने दिले तरच उतरू देऊ. ब्रिटन म्हणे, यांना दिले तर मागून आणखी बोटी येतील. अखेर ठरावीक वयाच्या मुलांना परवाने द्यायला ब्रिटन राजी झालं. मग घोडं अडलं ते मुलांना न्यायचं कसं यावर, जमिनीने की समुद्राने, कुणाच्या बोटीतून. ती टोलवाटोलवी चालू असतानाच २३ फेब्रुवारी १९४२ला तुर्की पोलिसांनी बोट ओढत काळ्या समुद्रात नेऊन सोडली. इंजिन बंद, अन्न नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सोव्हिएत पाणबुडीच्या पाणतीराने ती फुटली. वाचला एक जण.

ज्यांना पकडून परत पाठवलं, त्यातले काही तर मॉरिशसला जाऊन पोचले. कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची वस्ती असलेलं तेच मॉरिशस. १९४०च्या नोव्हेंबरात हैफा बंदरात निर्वासितांची तीन जहाजं अडवली गेली. त्यातल्या लोकांना ‘पात्रिया’ नावाच्या मोठ्या बोटीतून मॉरिशसला न्यायचं ठरलं. बोट जाऊ नये, थोडी नादुरुस्त व्हावी, म्हणून हागाना या ज्यू संघटनेने तिच्यात स्फोटकं ठेवली. अंदाज चुकला, बोट काही मिनिटांत बुडाली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. वाचलेल्यांना पॅलेस्टाइनमध्ये राहू दिलं. तिसऱ्या जहाजावरच्या सुमारे १,५८० जणांना मात्र मॉरिशसला नेऊन बो-बासँच्या तुरुंगात ठेवलं, पुरुष कोठड्यांत, बायका भिंतीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये. मलेरिया, टायफॉइड. ऑगस्ट १९४५पर्यंत ते तिथेच होते. गुन्हा कुठलाच नव्हता, परवाना नव्हता.

आणि मुंबई?

हिंदुस्थानही तेव्हा ब्रिटिशांच्याच व्हिसाच्या अखत्यारीत. इथे यायचं तर नोकरीची किंवा कुणीतरी पोसण्याची हमी लागायची, म्हणजे पुन्हा तोच पेच. मुंबईत १९३४ साली ज्यू मदत संघटना उभी राहिली आणि तिने अनेकांसाठी अशा हमी भरल्या. त्या काळात आलेल्यांत संगीतकार वॉल्टर कॉफमन होते. आकाशवाणीची पहाटेची धून त्यांची. रुडी फॉन लायडन, एमॅन्युएल श्लेसिंगर आणि पत्नी ज्यू असल्याने व्हिएन्ना सोडावं लागलेले वॉल्टर लँगहॅमर, या तिघांनी रझा, आरा, हुसेन या चित्रकारांच्या पिढीला हात दिला. त्रिएस्त आणि जिनोआहून शांघायला जाणाऱ्या इटालियन बोटी मुंबईला थांबत. शांघायमध्ये उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून हजारो लोक त्या वाटेने गेले.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि इथेही कागदाने आपला न्याय दाखवला. जर्मन पासपोर्ट म्हणजे शत्रू देशाचा नागरिक. त्यामुळे हिटलरपासून पळून आलेल्या काही ज्यूंनाही हिटलरच्या समर्थक जर्मनांबरोबर अहमदनगरच्या छावणीत डांबलं गेलं. नंतर छाननी करून त्यातल्या बऱ्याच जणांना सोडलं.

मग कायदा बदलला का?

बदलला, पण उशिरा. युद्धानंतर १९४७च्या जुलैत ‘एक्झोडस’ जहाजावरचे साडेचार हजार ज्यू, त्यातले बहुतेक छावण्यांतून वाचलेले, ब्रिटिशांनी हैफाहून परत पाठवले. फ्रान्समध्ये त्यांनी उतरायला नकार दिला, तेव्हा त्यांना नेऊन उतरवलं ते जर्मनीत, हांबुर्ग बंदरात. जगभर गदारोळ झाला.

१९५१च्या निर्वासित कराराने ती वेगळी खिडकी पहिल्यांदा सर्वांसाठी उघडली. छळाच्या सार्थ भीतीने देश सोडलेला माणूस म्हणजे निर्वासित, अशी व्याख्या आली. बेकायदा शिरला म्हणून त्याला शिक्षा करू नये, हे ३१वं कलम. आणि ३३वं: जिथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे त्याला परत धाडायचं नाही. सुरुवातीला हे १९५१च्या आधीच्या घटनांपुरतंच होतं. १९६७च्या पूरक कराराने ती मर्यादा काढली.

मात्र नीट वाचलं तर दिसतं, की हा करार ‘परत पाठवू नका’ म्हणतो, ‘आत घ्या’ असं कुठेच म्हणत नाही. ‘सेंट लुईस’ला अमेरिकेने जर्मनीत पाठवलंच नव्हतं, फक्त धक्क्याला लागू दिलं नव्हतं. जमिनीवर पाय पडल्यावर कलम लागू होतं, हे सगळ्यांना मान्य. समुद्रात अडवलं तर? १९९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हैतीच्या निर्वासितांच्या खटल्यात निकाल दिला, की खुल्या समुद्रात हे कलम सरकारला बांधत नाही. २००१ साली ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून ४३३ जणांना, बहुतेक अफगाणांना, वाचवलं. ऑस्ट्रेलियाने जहाजावर सैनिक उतरवले आणि त्यातल्या बहुतेकांना नाउरूला नेलं. २०१२ साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने इटलीच्या विरोधात उलट निकाल दिला: तुमच्या जहाजावर घेतलेला माणूस तुमच्याच ताब्यात आहे, समुद्र असला तरी. थोडक्यात, कुठल्या देशाचं जहाज अडवतं यावर उत्तर बदलतं.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ‘सेंट लुईस’च्या प्रवाशांची माफी मागितली २०१२ साली, कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत २०१८ साली. भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी असोत, श्रीलंकेतले तमिळ असोत किंवा रोहिंग्या, कुणाला कसं वागवायचं हे केंद्र सरकार त्या त्या वेळी ठरवतं. परदेशी नागरिकांच्या कायद्यात निर्वासित आणि व्हिसा संपलेला पर्यटक यांच्यासाठी आजही एकच खिडकी आहे.